आबासाहेबांची गार मोटार

ज्ञानू, तुझ्या दिवसांच्या जेवणाला मी पंगतीत बसलो नाही, हे तुला कुणी सांगायच्या आधी मीच सांगतो. हौसावहिनींनी बोलवायला माणूस पाठवला होता. मी म्हटलं, पोटात दुखतंय. पोट बरं होतं. तुझ्या नावानं वाढलेला भात घशाखाली उतरला नसता, आणि चार माणसांत मला रडायचंही नव्हतं. रडू येतंय का राग येतोय, हे माझं मलाच अजून नीट कळत नाही. बहुतेक रागच आहे.

गल्लीत म्हणतात, बाबालालनं काम केलं असतं तर ज्ञानू वाचला असता. झाळकाम, म्हणजे पेटत्या दिव्यानं नळ्यांचे सांधे जोडणं, बाबालालचं; ज्ञानू इंजिनाचा माणूस. बाबालाल ऐन वेळेला हटून बसला म्हणून बिचाऱ्याला दिवा हातात घ्यावा लागला. तोंडावर कुणी बोलत नाही. मी पानाच्या दुकानापाशी गेलो की बोलणं ऊसपाण्यावर येतं, एवढंच. मी का हटून बसलो ते तुला ठाऊक होतं. तेवढं सांगण्यापुरता तरी तू असायला हवा होतास.

लढाई संपून तू परत आलास तेव्हाचं आठवतं. बसऱ्याकडच्या छावणीत पलटणीच्या बर्फाच्या कारखान्यात तू काम केलं होतंस, आणि सांगलीत आपल्यासारखा माणूस नाही हे तू स्वतःच गावभर सांगत फिरलास. बढाईखोर होतास तू. पण बढाई मारून झाल्यावर तेवढं काम करूनही दाखवायचास, म्हणून लोक ऐकून घ्यायचे. मी तेव्हा बापाच्या गादीवर बसून भांड्यांना कल्हई लावत होतो. तू येऊन समोर उकिडवा बसलास.

"बाबालाल, पातेली घासून म्हातारा व्हनार काय रं? माझ्यासंगं चल. मला नळ्या झाळाय हात पायजे. तुझ्यावानी हात दुसरा न्हाई."

स्टेशनाकडच्या रस्त्याला आपण पत्र्याचं शेड घेतलं. फाळणीच्या साली वारं वाईट वाहत होतं, आणि मी मुसलमान. तुझ्या भावकीतला एकजण शेडमध्ये आला आणि मी समोर बसलेला असताना तुला म्हणाला, "भागीदार दुसरा कोन घावला न्हाई व्हय रं?" दुपारी रंगारी बोलावलास आणि दारावर पाटी रंगवून घेतलीस. माझं नाव वर, तुझं खाली. मी विचारलं, असं का, तर म्हणालास, "तुझं नाव लांबडं हाय. खाली मावंना." मी रंग वाळेपर्यंत पाटीपाशी उभा राहिलो. अशा वेळी काय बोलतात ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग आबासाहेबांची मोटार आली.

लोणंदपासून साताऱ्याच्या बाजूला त्यांचं गाव, मोठी जहागीर, मोठी बागायत. मुंबईतला कुणी अमेरिकन व्यापारी मायदेशी चालला होता, त्याच्याकडून त्यांनी ती गाडी घेतलेली. गाडीत गार हवेचं यंत्र होतं. आपण तोवर असलं काही पाहिलं नव्हतं. इंजिनावरच्या पट्ट्यानं कॉम्प्रेसर फिरायचा, तिथून तांब्याच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून मागं डिकीत जायच्या, नळ्यांत एक गॅस खेळायचा, आणि मागच्या बाकाच्या पाठीमागून बसणाराच्या मानेवर गार झोत यायचा. बंद करायचा खटकाच नव्हता. इंजिन चालू तोवर झोत चालू. नको असेल तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि पान्यानं पट्टा उतरवायचा.

थंडी सरता सरता आबासाहेब ती गाडी घेऊन सांगलीला पाहुण्यांकडे आले. गॅस गळून गेला होता, झोत कोमट येत होता. पाहुण्यांनी तुझं नाव सांगितलं. मुंबईत सिनेमाची थेटरं गार करणारे लोक हाच गॅस वापरतात, त्यांच्याकडून तू नळकांडं आणवलंस. गळती शोधायचा छोटा दिवाही आणलास. त्याला रबराची बारीक नळी. नळीचं तोंड गळतीपाशी नेलं की निळी ज्योत हिरवी व्हायची. तू त्याला पोपट म्हणायला लागलास. गाडीखाली पाठीवर पडून सांध्यासांध्यावरून नळी फिरवत होतास आणि एका जागी आलास तशी ज्योत हिरवीगार झाली.

"पोपट बोलला रं," तू खालून ओरडलास.

आपल्याला अमोनियाची सवय. बर्फाच्या कारखान्यात तो जरा निसटला तर माणूस डोळे चोळत बाहेर पळतो. ह्या गॅसला वासच नव्हता. तू नळकांड्याची तोटी जराशी सोडून नाकाशी धरलीस आणि हसलास. "ह्यो तर लय गरीब हाय. चावत बी न्हाई, भुकत बी न्हाई." मुंबईच्या माणसानंही तेच सांगितलं होतं, आणि तो खोटं बोलला नव्हता.

त्या वेळी आपण काम नीट केलं. उरलासुरला गॅस उघड्यावर सोडून दिला, नळी मोकळी झाल्यावर मी चांदीचा डाग दिला, म्हणजे चांदी वितळवून सांधा बुजवला, तू गॅस भरलास. गाडी आबासाहेबांच्या हवाली करायच्या आधी तिची परीक्षा म्हणून तू हौसावहिनींना हट्टानं मागं बसवलंस आणि आपण मिरजेच्या रस्त्याला लागलो. बाहेर शिमग्यानंतरचं ऊन. वहिनींनी आधी पदर सावरला, मग गळ्याभोवती ओढला, मग दोन्ही हात पदरात घेतले. "आवं, बास करा की. दात वाजाय लागलं," त्या म्हणाल्या, आणि तू चाकावर थापा मारत हसत सुटलास. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. तो दिवस तू आम्हाला दिलास, हे मी नाकारत नाही. कितीही राग आला तरी तेवढं नाकारता येत नाही.

वैशाखात आबासाहेबांचा निरोप आला. मुलीचं लग्न, व्याही इंदुराकडचे, रेल्वेनं लोणंदला उतरणार. त्यांना गार गाडीतून वाड्यावर आणायचं, आणि गाडीचा झोत पुन्हा कोमट झालेला. मुंबईत गॅसचं नळकांडं मिळेना, माल बोटीवर अडकलेला; जुन्याच्या तळाशी उरला होता तेवढाच गॅस आपल्यापाशी. आपण मिरजेहून गाडी पकडून लोणंदला गेलो. तू वाटभर गात होतास. वाड्याच्या मोटारखान्यात पोपट लावून पाहिलं. खराब रस्त्यानं मागच्या बाजूची नळी सांध्याशी तडकली होती. निम्मा गॅस शिल्लक होता.

"समदा गॅस यंत्राच्याच टाकीत वडून घिऊ, वर झडप लावू," तू म्हणालास. "नळी मोकळी झाली की तू डाग मार."

तसं करून पाहिलं. मी तडकलेल्या जागी साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे येतच राहिले.

"झडप बसत न्हाई, ज्ञानू. नळीत गॅस येतूयाच."

"यिऊंदे. जरासा तर हाय."

"आत दाब असताना मी आग लावनार न्हाई. तोंडावर उडंल. समदा सोडून दिऊ, नळी झाळून ठिवू. मुंबईचं नळकांडं आलं की भरू."

"आन् उद्या व्याही?"

"बैलगाडीतनं बी वऱ्हाड जातंय. कोन मेलं न्हाई अजून."

आबासाहेब दारात उभे होते. ते रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाले, "ज्ञानू, तुमच्या जोडीदाराला जमत नसेल तर राहू द्या. आम्ही पुण्याहून माणूस बोलावतो."

उद्यापर्यंत पुण्याहून कोणी येणार नव्हतं. ते त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि तुलाही ठाऊक होतं. तरी तुझा चेहरा बदलला. लढाईत गोऱ्या साहेबांच्या तोंडाला लागलेला तू, एका जहागीरदाराच्या एका वाक्यापुढं नमलास. मी ब्लोलँप, म्हणजे झाळायचा दिवा, खाली ठेवला. तू तो उचललास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "तू भाईर बस. भ्या वाटत असंल तर."

हे तुझं मला म्हटलेलं शेवटचं वाईट वाक्य. भीती वाटत होती, ज्ञानू. भीती वाटणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे.

मी मोटारखान्यासमोरच्या लिंबाखाली बसलो. दुपार कलली आणि वळवाचा वारा सुटला, धुरळा उडायला लागला. दिव्याची ज्योत विझायला लागली म्हणून तू आतून दोन्ही दारं ओढून घेतलीस. मला वाटलं, थोड्या वेळाचं काम. पण नळीतून गॅस येत असल्यावर डाग बसत नाही. धातू वितळला की त्याला भोक पडतं, पुन्हा द्यावा लागतो, पुन्हा भोक पडतं. तू किती वेळा दिलास कुणास ठाऊक. मी उठून दाराच्या फटीतून पाहिलं. तू डिकीखाली आडवा होतास, तोंड नळीला लागलेलं. ब्लोलँपची सबंध ज्योत हिरवी होती. फटीतून असा वास आला की वाटावं, तव्यावर कुणी मिरच्या करपवल्यात.

"ज्ञानू, भाईर ये. ज्योत बघ कसली झालीया."

"पोपट बोलतूय," तू खोकत म्हणालास. "बोलूंदे. डाग बसाय लागलाय."

मी दार ढकललं. तू पायानं परत लावलंस.

बाहेर आलास तेव्हा डोळे लाल, नाकातून पाणी. चुळा भरल्यास, गूळ मागून घेतलास, तांब्याभर पाणी प्यालास. मग खोकला थांबला. जुन्या नळकांड्याच्या तळाचा गॅस भरून तू इंजिन सुरू केलंस, आबासाहेब मागं बसले, मानेला गार वारा लागल्यावर डोळे मिटून "वा" म्हणाले. तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास. मी तोंड फिरवलं. तुझा डाग मी मग खाली वाकून पाहिला. चांगला बसला होता. इतक्या वर्षांत तुझ्या एकाही डागाला मी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि त्या दिवशीही म्हटलं नाही. भांडण चालू होतं आपलं. परतीच्या गाडीत मिटवू, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

दिवेलागणीला तू मांडवाच्या कडेला बसला होतास. जिना चढून आल्यासारखा धापत होतास, आणि तू कुठला जिना चढला नव्हतास.

"बाबालाल, वारा का रं पुरंना?"

ओठ निळे दिसत होते. मी धावत आबासाहेबांकडे गेलो. त्यांनी गाडी दिली, ज्ञानू. हे मला सांगायलाच हवं. आढेवेढे न घेता दिली. एवढंच म्हणाले, "साताऱ्याला न्या लगेच. पण सकाळी लोणंदला गाडी लागेल, तेवढं शंकरला ध्यानात ठेवायला सांगा." शंकर त्यांचा ड्रायव्हर. त्यांनी गाडी दिली नसती तर मला त्यांचा नीट द्वेष तरी करता आला असता.

मागच्या बाकावर तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. आणि मागून तो झोत यायला लागला. तू दिवसभर खपून दुरुस्त केलेला. तुझ्या छातीत घरघर होत होती, अंगाला घाम, आणि वरून बर्फासारखी हवा. मी माझा सदरा काढून तुझ्यावर घातला.

"बंद कर की," तू म्हणालास. "लय गारठा सुटलाय."

तूच मला शिकवलं होतंस की ते बंद करायचा खटका नाही.

मी शंकरला गाडी थांबवायला लावली. पाना शोधला, रॉकेलच्या कंदिलाच्या उजेडात बॉनेट उघडलं, तापलेल्या इंजिनात हात घालून पट्टा उतरवला. हात भाजला. तेवढा वेळ तू आत एकटा होतास. परत येऊन बसलो तर तुझ्या तोंडाशी फेस आला होता, लालसर. तू बोटानं इंजिनाकडे खूण केलीस. काय म्हणायचं होतं, मला कळलं नाही. पट्टा कुठं ठेवला ते विचारत होतास का? का चल म्हणत होतास? मी अजून तेच धरून बसलोय.

साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर लढाईवर जाऊन आलेले होते. त्यांनी तुझी छाती ऐकली आणि मला विचारलं, "हा कसल्या वायूत काम करत होता?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हा वायू एरवी गरीब असतो. पण ज्योतीतून गेला की त्याचं विष होतं. आधीच्या मोठ्या लढाईत खंदकांत सोडायचे, त्या जातीचं. लगेच कळत नाही. माणूस हिंडतो फिरतो, जेवतो, आणि मग छातीत पाणी भरतं." त्यांनी जमेल ते केलं. पहाट व्हायच्या आत तू गेलास.

म्हणजे मलाही ठाऊक नव्हतं, ज्ञानू. मला दाबाची भीती होती. विषाची गोष्ट माझ्या स्वप्नातही नव्हती. गल्लीतले म्हणतात ते खरंच आहे. मी काम केलं असतं तर तू वाचला असतास. मेलो मी असतो. आणि तू माझ्या बायकोपुढं मान खाली घालून बसला असतास, जसा मी आता हौसावहिनींपुढं बसतो. पुन्हा तशी वेळ आली तरी मी दिवा उचलणार नाही. हे तुला आवडो न आवडो.

सकाळी शंकरनं दवाखान्याच्या आवारात मागची गादी धुतली, पट्टा चढवला आणि गाडी लोणंदला नेली. व्याही गार हवेत वाड्यावर पोचले. मी तुला ट्रकमधून सांगलीला आणलं.

हौसावहिनींनी तुझे पाय धुतले, आणि मग माझ्या भाजलेल्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं तशा आतून खोबरेल घेऊन आल्या. त्या वेळी मी का हटलो आणि तू कशानं गेलास, ते मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी माझ्या हाताला तेल लावलं. मग म्हणाल्या, "त्यांस्नी न्हाई म्हनता यायचं न्हाई. मला बी कवा म्हनलं न्हाईत." लग्न उरकल्यावर वाड्यावरून बुंदीची टोपली आली. घरात सुतक. वहिनींनी टोपली म्हशीपुढं ठेवली. म्हशीनं खाल्ली.

काल शंकर शेडवर आला होता. गाडी बाहेर उभी केली नव्हती, एवढी लाज त्याला होती. चहा पिऊन झाल्यावर बोलला. "झोत पुन्यांदा कोमट झालाय, बाबालालभाई. ह्या टायमाला पुढनं गळतंय, इंजिनापाशी. आबासाहेबांनी तुमाला बोलीवलंय."

मी म्हटलं, मी येणार नाही. आणि मग त्याला बसवून घेतलं आणि सांगितलं, जो कुणी ते काम करील त्याला सांग: आधी सगळा गॅस सोडून द्यायचा, दारं सताड उघडी ठेवायची, आणि ज्योत हिरवी झाली की दिवा टाकून बाहेर पळायचं. दोनदा म्हणवून घेतलं त्याच्याकडून.

तो कपाकडे बघत बसला. मग म्हणाला, "पर आबासाहेब तर म्हनत्यात, ज्ञानूची छाती पैल्यापास्नंच अधू हुती. लढाईवरनंच दुखनं घिऊन आलता. वाड्यात समद्यांस्नी तसंच सांगितलंय."

मी त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही. तो निघून गेल्यावर शेड बंद केलं आणि लिहायला बसलो. माझं शिकणं सातवीपर्यंतचं, अक्षर तुला ठाऊकच आहे. पण वाड्यातलं बोलणं लोणंदला जाईल, लोणंदहून साताऱ्याला, आणि उद्या तुझ्या भावकीतही तेच म्हणतील. म्हणून कुठंतरी हे लिहिलेलं असावं. आदल्या पावसाळ्यात कृष्णा दोन्ही काठ धरून वाहत असताना पैज लावून तू घाटावरून पाण्यात उडी घेतलीस, पलीकडे सांगलीवाडीला निघालास आणि तिथून शिट्टी मारलीस. अलीकडच्या काठावर आम्हाला ती ऐकू आली. तुझी छाती ठणठणीत होती, ज्ञानू. तिला काही झालेलं नव्हतं.